एक वेढा वेखंडाचा

आषाढ लागला की आमच्या शिरवळच्या घरातल्या कपाटांना कोंदट वास सुटतो. नीरेकडून येणारी ओलसर हवा दिवसभर घरात रेंगाळते, कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, गोधड्यांच्या घड्या हाताला गार लागतात. त्या घड्यांमध्ये मी दरवर्षी वेखंडाच्या कांड्या सारते. जुन्या पातळाच्या चौकोनात चार चार कांड्या बांधायच्या आणि पुरचुंडी स्वेटरच्या बाहीत ढकलून द्यायची. कसर लागत नाही, झुरळं फिरकत नाहीत.

परवा मी नव्या कांड्या बांधायला बसले होते. वेखंडाचा वास एकट्यानं येत नाही. आधी ओल्या चिखलाचा येतो, मग आल्यासारखा झणका, आणि तो ओसरला की मागं काहीतरी गोडसर उरतं. मैत्री शाळेतून आली, दप्तर टाकून शेजारी बसली, एक कांडी नाकाशी धरून शिंकली.

"आई, हा वास मला माहितीये. कपाटातला नव्हे, त्याच्याही आधीचा. पण कुठला ते आठवत नाही."

मैत्री माझी मुलगी. चौथीत आहे. तिला आठवणार तरी कसं? ती तेव्हा सात महिन्यांची होती. आठवायचं काम माझं.

त्या वर्षीही पाऊस असाच बारीक, चिकट होता. खंबाटकीचा डोंगर आठवडा आठवडा दिसायचा नाही. महामार्गाच्या मागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी आणि माझा नवरा प्रशांत, दोघंही इथल्याच कारखान्यांमध्ये. तो उत्पादनात, मी तपासणीच्या प्रयोगशाळेत. माझं माहेर कुंडलचं. बाळंतपणाला आई आली होती, पण ती अंगणवाडीसेविका. तिची रजा संपली आणि ती डोळे पुसत एसटीत बसली. जाताना म्हणाली, "अंघोळीला कुणीतरी जाणती बाई बघ. तुझ्या हातात पोरगी साबणासारखी निसटती."

ती जाणती बाई म्हणजे हलिमाचाची.

चाची आतारांच्या घरातली. तिच्या नवऱ्याचं शिराळ्याला आतारीचं दुकान होतं, म्हणजे हळदकुंकू, बुक्का, अत्तर, उदबत्त्या आणि गोणपाटावर मांडलेली काष्ठौषधी. आठवडी बाजारांतून ती नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं बसली. नवरा गेल्यावर मुलाकडे शिरवळला आली. मुलगा कारखान्यात, सून शिवणकामात. रिकामं बसवेना म्हणून चाची बाळंतिणींच्या घरी जायची. उंच, हाडापेरानं मोठी बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि तोंड कधी मिटायचं नाही.

ती न्हाणीघरात पाटावर बसून पाय लांब सोडायची आणि मैत्रीला त्या पायांवर पालथी घालायची. खोबरेल तेल, डाळीचं पीठ, मग तांब्यातांब्यानं पाणी. पंच्यात गुंडाळून बाहेर आणलं की चिमूटभर वेखंडाची पूड टाळूवर चोळायची. "डोस्क्यातलं पानी ओढून घेतंय हे. सर्दी व्हत न्हाई." पोट फुगलं असलं तर वेखंड आणि हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायची. मैत्री पाच मिनिटांत वारा सोडायची आणि चाची हसून म्हणायची, "बघा, सुटली गाडी."

आणि मग सहाण. तीही तिनंच आणली होती, मधे खोल झिजलेली. तिच्यावर आईच्या दुधात वेखंडाचा एकच वेढा. कांडी एकदा गोल फिरवायची आणि उचलायची. पांढऱ्या दुधावर तपकिरी रेघ उमटायची, ती करंगळीनं जिभेला.

"यानं वाचा सुधारती. जीभ जड राहत न्हाई."

"मग दोन वेढे दिले तर?" मी एकदा विचारलं होतं.

"दोन कशाला? औशद हाय, बासुंदी न्हवं."

माझी बाळंतपणाची रजा संपली तशी चाची सकाळी आठपासून मी येईपर्यंत थांबायला लागली. मी निर्धास्त होते. मैत्री फार गुणाची होती. महामार्गावरून रात्रंदिवस ट्रक जायचे, वरच्या मजल्यावर कुणी खिळे ठोकायचं, शेजारचा कुकर शिट्ट्या मारायचा, पोरगी ढिम्म. येणारा-जाणारा म्हणायचा, "किती शहाणं बाळ गं!" आणि मी मान डोलवायची, जणू तो माझाच गुण होता.

खालच्या मजल्यावर तिच्याच वयाचा मुलगा होता. आषाढात तो बा-बा-बा करायला लागला. दुपारभर त्याची टकळी जिन्यातून वर यायची. मैत्री हसायची, किंचाळायची, हातपाय नाचवायची. पण बा नाही, मा नाही. उलट तीनचार महिन्यांची असताना जे हुंकार द्यायची तेही कमी झाले होते. मी मनाशी म्हणायची, मुलं सगळी सारखी नसतात. प्रशांत म्हणायचा, "माझी आई सांगते, मी दोन वर्षांनी बोललो." मला तेवढं पुरायचं. संध्याकाळपर्यंत.

एका रविवारी सकाळी मी चाचीला म्हटलं, "आजपासून वेखंड जरा वाढवा. तीन वेढे द्या. हिची जीभ सुटायला हवी."

चाचीनं कांडी खाली ठेवली. सहाण पुसली.

"सुजाता, वेखंडानं जीभ सुटती. कान न्हाई सुटत."

"म्हणजे?"

"आठ दिस झालं मी बघतीया. मागं बसून ताट आपटलं. दार आपटलं. तिच्या नावानं हाका मारल्या. माझी सावली पडली की वळती, हात लावला की हसती. आवाजाला न्हाई वळत. पोरीला ऐकू येत न्हाई गं."

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहायला माझं मन धजत नाही. तुम्ही माझ्या मुलीला नावं ठेवता, म्हणाले. चार मुळ्या विकल्या म्हणजे कुणी डॉक्टर होत नाही, असंही म्हणाले. प्रशांत "अगं, अगं" करत मधे आला. शेवटचं वाक्य मात्र अजून जसंच्या तसं कानात आहे: "उद्यापासून येऊ नका."

चाची उठली. मैत्री पंच्यात गुंडाळलेली होती. तिच्या टाळूवर वेखंड चोळायचं राहिलं होतं. ते तिनं नीट चोळलं, बोटं पदराला पुसली आणि गेली. सहाण आणि कांड्या तिथंच राहिल्या.

मी बिनपगारी रजा टाकली. दोन दिवसांनी कळलं की चाची नागपंचमीसाठी शिराळ्याला गेली. बरं झालं, मी म्हटलं. आणि त्याच सकाळी मी स्वतः सहाण घेऊन बसले.

प्रयोगशाळेत मी दिवसभर मोजते. मिलिग्रॅम चुकला तर नमुना टाकून देते. त्याच मी त्या सकाळी वेढे मोजले नाहीत. सहा असतील, सात असतील. दूध तपकिरी होईपर्यंत फिरवत राहिले आणि चमच्यानं पोरीला पाजलं. बोल, बोल ना गं, म्हणत होते. ती माझ्या हलणाऱ्या ओठांकडे टक लावून बघत होती.

तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. चार झाल्या, पाच झाल्या, मान टाकली. प्रशांतला बोलावून घेतलं आणि आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे धावलो. मधला रस्ता मला आठवत नाही. आठवतो तो तिच्या तोंडाला येणारा वेखंडाचा वास.

डॉक्टरांनी तिला दुपारपर्यंत ठेवून घेतलं. ती सावरली, दूध प्यायली, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"किती दिलंत?"

"सहासात वेढे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. देणाऱ्या बाई एकच वेढा द्यायच्या. जास्त द्यायला त्या नाही म्हणाल्या."

"त्या शहाण्या आहेत. पण एकही नको. टाळूला चोळा, पोटाला लावा, कपाटात ठेवा. बाळाच्या पोटात नको." ते लिहायला वळले आणि मग थांबले. "पण एवढं द्यावंसं वाटलं कशासाठी?"

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला त्या खुर्चीत कळलं.

"त्या बाई म्हणतात, हिला ऐकू येत नाही."

ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकलं आणि मी रडायला लागले. कारण ते खरं आहे हे मला ठाऊक होतं. चाचीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

सातारला तपासणी झाली. मैत्रीला झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, कानात इवलीशी बोंडं घातली. काचेपलीकडे एक तरुण मुलगी पडद्यावरच्या रेघा बघत होती. बाहेर आल्यावर तिनं आम्हाला समोर बसवलं. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. अगदीच नाही असं नाही, पण आपलं साधं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही. यंत्र लावावं लागेल, बोलणं शिकवावं लागेल. "तुम्ही फार लवकर आलात," ती म्हणाली. "आमच्याकडे मुलं दोन-तीन वर्षांची होऊन येतात. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझ्या नाही आलं," मी म्हटलं.

मग मी प्रशांतला सांगितलं, आपण घरी जायचं नाही. शिराळ्याला जायचं.

सातारहून कराड, तिथून पेठ नाका, मग शिराळा. पंचमी दोन दिवसांवर होती. गाव पाहुण्यांनी भरलेलं, रस्त्यात चिखल, लाह्याफुटाण्यांचे ढीग, पाळणे उभे राहत होते. आतारांचं दुकान कुणीही दाखवलं असतं. चाचीचा पुतण्या गल्ल्यावर होता आणि चाची मागच्या अंगाला हळदकुंकवाच्या पुड्या बांधत होती. मला बघून ती उठली नाही. हात पुढं केले ते मैत्रीकडे.

"वाळली का गं ही?"

मी सगळं सांगितलं. वेढ्यांचं, उलट्यांचं, तपासणीचं. माफ करा म्हणाले. ती मैत्रीला पायांवर घेऊन ऐकत होती.

"डॉक्टर पोटात नको म्हणत्यात?"

"हो."

"मग नको. आमी सासूनं दाखवलं तसं देत हुतो. त्येंनी शिकून सांगितलंय." एवढं सहज. चाळीस वर्षांचा शिरस्ता तिनं पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता सोडून दिला. माझ्याच्यानं अजून एवढं सहज काही सुटत नाही.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, चाची?"

तिनं पुतण्याला चहा सांगितला आणि पुडा बाजूला सारला.

"माझ्या पाठची बहीण हुती, रझिया. घरात वेखंडाची पोती, मग काय! बा रोज उगाळायचा. चार वर्सं उगाळलं. जीभ जड हाय म्हनायचे सगळे. पोरीला ऐकूच येत न्हवतं ते कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. शाळेत घातलं न्हाई, लगीन झालं न्हाई. ती खुणा करायची, त्या मला तेवढ्या कळायच्या. मग माझं लगीन झालं." ती मैत्रीच्या पायाची बोटं एकेक करून दाबत राहिली. "मी सासरी आल्यावर तिचं कुणाला कळलं असंल, ह्येचा इचार मी लय वेळा करती. तुझी पोरगी पायावर घेतली आणि तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. रझिया अशीच बघायची."

पुतण्यानं चहा आणला. बाहेर कुणीतरी वेखंड मागत होतं. पुतण्या म्हणाला, "आता पंचमी झाल्यावर या." मी चाचीकडे बघितलं. ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "वेखंडाच्या वासानं नाग येत न्हाई म्हनत्यात. म्हनून पंचमीपातुर आमी ते पोत्याखाली झाकून ठेवतो. पावणा रुसला तर गाव काय म्हनंल?"

पंचमी करून चाची शिरवळला परत आली.

भाद्रपदात मैत्रीला यंत्रं मिळाली. कानामागं बसणारी, गुलाबी. लावली आणि सुरू केली तेव्हा ती आधी एकदम स्तब्ध झाली. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि तिनं असा काही टाहो फोडला की मी, प्रशांत आणि चाची तिघंही दचकलो. प्रशांत रडता रडता हसत होता. "भ्याली! भ्याली!" असं म्हणत त्यानं तिला उचलून नाचवलं. आपलं मूल आवाजाला घाबरलं म्हणून घरभर आनंद झालेला असा दिवस कुणाच्या नशिबी येत असेल?

वाचा शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, हिच्याशी दिवसभर बोलत राहा. जे कराल ते सांगत करा. चाचीला हे कळल्यावर ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं कायतरी अवघड असंल. गप बसायला सांगितलं असतं तर मी न्हाई म्हनलं असतं." आणि ती बोलत सुटली. आता आपन तेल लावतो. हे खोबऱ्याचं. आता पानी. ऊन हाय का? व्हय, ऊन हाय. मी कामावरून आले की जिन्यातच तिचा आवाज यायचा. वेखंड टाळूवर चोळताना ती त्यालाही नाव सांगायची, प्रत्येक वेळी नव्यानं, "वे-खं-ड", आणि मैत्री तिच्या ओठांना बोट लावायची.

कुणी वेखंडाचे गुण विचारले तर मी सांगते. सर्दीला टाळूवर, पोटफुगीला बेंबीभोवती, कपाटात कसरीला. चाचीनं तिच्या मोरीपाशी फुटक्या बादलीत लावलेलं आहे. तलवारीसारखी लांब पानं, मुळं चिखलात. त्याला सतत ओल लागते आणि त्याचं फारसं काही करावं लागत नाही. गावाकडे ओढ्याच्या काठी ते आपसूक माजतं. पण मला त्या दिवसांतून जे मिळालं ते कांडीत होतं असं मी म्हणणार नाही. एक बाई रोज अर्धा तास माझ्या मुलीला पायांवर घेऊन तिच्याकडे बघत होती. औषध लावायचं म्हणून बघत होती. मी रोज तपासणी करणारी, माझी तपासणी राहून गेली आणि तिची झाली. एवढं मात्र खरं की ते चोळणं, उगाळणं, लावणं नसतं तर ती इतक्या जवळून बघायला बसली नसती.

मैत्रीचं बोलणं अजूनही थोडं निराळं आहे. स आणि श मध्ये तिची गल्लत होते. पावसात यंत्रं भिजू नयेत म्हणून ती टोपी घालून जाते आणि वर्गातली पोरं टोपीवरून चिडवतात. ती त्यांना उत्तरं देते. कधी कधी इतकी देते की बाईंची चिठ्ठी येते. प्रशांत ती चिठ्ठी दोनदा वाचतो.

तिचा पहिला शब्द आला तो दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात. रविवार होता. दुपारचं ऊन गॅलरीतून आत आलं होतं. चाची सुट्टी असूनही सहज आली होती आणि भिंतीला टेकून पान जुळवत होती. मी मैत्रीला नाचणीची पेज भरवत होते. तीन चमचे झाले, चौथ्याला तिनं मान फिरवली. मी चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं माझा हात ढकलला, पेज माझ्या गाऊनवर सांडली, आणि कपाळाला आठ्या घालून ती म्हणाली,

"न्नको."

चमचा माझ्या हातातच राहिला. मी चाचीकडे बघितलं. चाचीनं पान खाली ठेवलं होतं.

"काय म्हनली?"

"नको म्हणाली," मी म्हटलं. "चाची, आई नाही, बाबा नाही. पहिला शब्द, आणि तो नको!"

मैत्रीला वाटलं आम्हाला कळलं नाही. तिनं पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं, मला आणि चाचीला दोघींना बजावलं. "नको!"

चाचीनं पदराचा बोळा तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते मला कळेना. मग तिनं मैत्रीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली,

"असू दे, सुजाता. बाईमानसाला ह्यो शबुद लवकर आला म्हंजे लय बरं असतंय."